मिळवत्या मुलीचा प्रश्न

मराठी कथेतील स्त्रीच्या आयुष्यात येणारा बदल बहुधा तिने स्वतः घडवून आणलेला नसतो. शिक्षण, नोकरी, वैधव्य किंवा मुलांचे घर सोडून जाणे अशा निमित्तांनी तो तिच्यासमोर येऊन उभा राहतो, आणि जुनी नाती आता कोणत्या अटींवर टिकवायची हा प्रश्न तिला पडतो तेव्हा कथेला खरा आरंभ होतो. या प्रश्नाला तिने दिलेला प्रतिसाद बंड किंवा शरणागती या दोनच खणांत बसवण्याची सवय समीक्षेला जुनी असली, तरी चांगल्या कथा त्या खणांत मावत नाहीत.

1933 साली ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध झाला तेव्हा लेखिका म्हणून ‘विभावरी शिरूरकर’ हे टोपणनाव छापले गेले होते, आणि ही बाई नक्की कोण याचा शोध घेण्यात तत्कालीन वाचकांनी जेवढा उत्साह दाखवला तेवढा कथा समजून घेण्यात दाखवला असे म्हणवत नाही. लेखिका होत्या बाळूताई खरे, म्हणजेच विवाहानंतरच्या मालतीबाई बेडेकर. महर्षी कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेत शिकलेल्या असल्याने शिकलेल्या मुलींची कोंडी त्यांनी जवळून पाहिली होती. शिक्षणामुळे मध्यमवर्गीय मुलींचे लग्नाचे वय पुढे गेले होते, शिक्षिकेची नोकरी प्रतिष्ठित ठरू लागली होती, आणि घरात एक अनपेक्षित गोष्ट येऊन पडली होती, ती म्हणजे मुलीचा पगार. या पगाराचे काय होते, हे ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेच्या शीर्षकातच विचारलेले आहे: मिळवत्या मुलीच्या कमाईवर वडिलांचे कुटुंब चालू लागले, की तिच्या लग्नाची घाई कोणालाच उरत नाही, आणि ज्या संसारासाठी ती राबते तो तिचा कधीच होत नाही. तिला घर सोडवत नाही आणि त्यात समाधानही लाभत नाही. आईवडिलांविषयीची माया आणि त्यांच्याविषयीचा राग ही दोन्ही ती एकाच वेळी मनात बाळगते. संग्रहावर उठलेल्या गदारोळाचे कारणही बहुधा येथेच सापडते, कारण कुमारिकेची शरीरसुखाची इच्छा आणि वडीलधाऱ्यांच्या स्वार्थाची जाणीव या दोन्ही गोष्टी इतक्या उघडपणे, तेही स्त्रीच्या लेखणीतून, वाचण्याची सवय मराठी घरांना नव्हती.

पुढे गौरी देशपांडे यांच्या कथांत हा प्रश्न आर्थिक राहत नाही. ‘एकेक पान गळावया’ या 1980 सालच्या पुस्तकात तीन दीर्घकथा, म्हणजे लघुकथेपेक्षा ऐसपैस आणि कादंबरीपेक्षा आटोपशीर अशा रचना, आहेत. पुस्तकाला नाव देणाऱ्या कथेतील राधेला पतीच्या निधनानंतर एकटेपण मिळते, आणि आपण कोणाची तरी गरज असणे हाच आतापर्यंत आपल्या जगण्याचा आधार होता का, हे ती मुलांच्या प्रेमालाही सूट न देता तपासू लागते. गौरी या महर्षी कर्वे यांच्या नात. शिकण्याचा हक्क मिळवून देणाऱ्या घराण्यातील लेखिकेच्या नायिका शिक्षण आणि नोकरी गृहीत धरूनच पुढचे विचारतात, हे स्वाभाविक आहे. मात्र त्यांच्याजवळची मोकळीक, प्रवास आणि फुरसत फार थोड्या स्त्रियांच्या वाट्याला येत होती, याची नोंद घेणे भाग आहे.

कोकणातील दलित कुटुंबात वाढलेल्या उर्मिला पवार यांच्या ‘कवच’ या कथेत तर कमावण्याची मुभा हा प्रश्नच उद्भवत नाही, कारण येथील आई आंबे विकून घर चालवते आणि तिचे राबणे कोणालाही नवे वाटत नाही. नवे आहे ते तिच्या मुलाचे शाळेत जाणे, कारण शाळेत जाणाऱ्या त्या पोराला, आईशी द्व्यर्थी बोलणाऱ्या पुरुषांमुळे, तिच्यासोबत बाजारात जाण्याचीच लाज वाटू लागते. आई त्या पुरुषांना त्यांच्याच भाषेत सडेतोड उत्तर देते आणि मुलाला ती नव्याने दिसते. विभावरींच्या नायिकेला आपला राग घरातल्या घरात गिळावा लागतो, तर या बाईला तो भर बाजारात वापरता येतो. अर्थात घराच्या उंबऱ्याने दिलेले संरक्षण तिला मुळात कधी मिळालेलेच नसते.