सेंटोसाला जायचं, पण युनिव्हर्सलला नाही!



जूनची सुट्टी जवळ आली की आपल्यातल्या निम्म्या घरांत पुण्या-मुंबईहून, नाशिक-सांगलीहून आई-बाबा येऊन दाखल होतात. सोबत लोणच्याची बरणी, गोडा मसाला, कुरडया, आणि "आम्हाला काही दाखवायला नेऊ नका हं, आम्ही नातवंडांना भेटायला आलोय" हे वाक्य. आपण अर्थातच ते ऐकत नाही. पहिला शनिवार उजाडला की वरात निघते युनिव्हर्सल स्टुडिओजकडे.

पुढे काय होतं ते सगळ्यांना पाठ आहे. मोठ्या माणसाचं तिकीट ८० सिंगापूर डॉलरच्या पुढे. बाबा मनातल्या मनात रुपयांत गुणाकार करतात आणि त्यानंतर कॉफीसुद्धा "नको" म्हणतात. प्रत्येक राइडच्या तोंडाशी पाटी: हृदयविकार, पाठदुखी, रक्तदाब असणाऱ्यांनी बसू नये. म्हणजे आपल्या आई-बाबांचं नाव लिहायचं तेवढं बाकी! मग "तुम्ही जा रे, आम्ही इथे बसतो" असं म्हणून दोघं बाकावर बसतात. मांडीवर चार पाठपिशव्या, हातात नातवाचा चष्मा. आपण पाऊण तास रांगेत, ते पाऊण तास उन्हात. संध्याकाळी घरी आल्यावर "छान होतं हो सगळं" म्हणतात. काय छान होतं ते कुणी विचारत नाही.

आता दिवसांचा हिशोब करू. आई-बाबांना मिळणारा व्हिजिट पास साधारण तीस दिवसांचा. लाँग टर्म पास काढावा तर ई.पी. वाल्याचा पगार महिना १२,००० डॉलर हवा, आणि तो सगळ्यांचा नसतो. तीस दिवसांतले शनिवार-रविवार आठ किंवा नऊ. त्यात एक मंडळाचा कार्यक्रम, एक मुस्तफा, एक कुणाकडे तरी जेवण, एक पाऊस. उरलेल्या चार-पाच दिवसांतला एक अख्खा दिवस आपण त्यांना बाकावर बसवून घालवतो. मला हे पटत नाही. आणि गंमत अशी की तेच बेट, तोच रिसॉर्ट, फक्त फाटकाच्या आत न जाता, तिन्ही पिढ्यांना मिळून मजेत बघता येतं.

सुरुवात हार्बरफ्रंटपासून. जांभळी लाइन लिटल इंडियावरून थेट तिथे जाते, बदलाबदली नाही. वर व्हिवोसिटी. तिसऱ्या मजल्यावरून सेंटोसा एक्सप्रेस सुटते. जाताना माणशी ४ डॉलर, बेटावर फिरताना आणि परत येताना काही नाही. पण गुडघे बरे असतील तर बोर्डवॉकने चालत जा. २०११ मध्ये तो झाला तेव्हा एक डॉलर घेत असत, आता तोही घेत नाहीत. मधे मधे छप्पर आणि सरकते पट्टे आहेत, अंतर एक किलोमीटरसुद्धा नाही. डावी-उजवीकडे समुद्र, डोक्यावर केबल कार. आई-बाबांना सकाळी फिरायची सवय असतेच, उलट आपल्यालाच धाप लागते.

चालता चालता आजोबांना बेटाचं नाव सांगा. सेंटोसा म्हणजे मलयमधे शांती, समाधान, आणि मूळ शब्द आपला 'संतोष'! हे नाव १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दिलेलं. त्याआधीचं नाव होतं पुलाव ब्लाकांग माती. ब्लाकांग म्हणजे पाठीमागे, माती म्हणजे मेलेला किंवा मरण. (मराठीतल्या मातीशी संबंध नाही, पण आजोबा तो जोडणारच.) तिथे साथीच्या तापाने माणसं मरत म्हणून हे नाव पडलं असं कुणी म्हणतं, कुणी चाच्यांचं नाव घेतं. १९६७ मध्ये ब्रिटिश सैन्याने बेट सोडलं, मग पर्यटनाचं बेट करायचं ठरलं आणि १९७२ मध्ये त्यासाठी महामंडळ निघालं. आता 'मरणामागचं बेट' बघायला तिकीट काढून कोण येणार!

शब्दांचा विषय निघालाच आहे तर एक खेळ सांगतो. इथल्या धोक्याच्या पाट्या चार भाषांत असतात. त्यात मलय शब्द 'बहाया', म्हणजे आपलं 'भय'. तामिळ शब्द 'अपायम्', म्हणजे आपला 'अपाय'. एकदा हे कळलं की मुलं सुटतात. भासा म्हणजे भाषा, मंतरी म्हणजे मंत्री, उतारा म्हणजे उत्तर दिशा, बुमी म्हणजे भूमी, सुआमी म्हणजे नवरा (स्वामी!), इस्त्री म्हणजे बायको (कपड्यांची नव्हे). नगारा म्हणजे देश, तो आपल्या 'नगर'वरून आलाय. शाळेत मराठीचा तास नसलेली मुलं आणि संस्कृतात सत्तर मार्क मिळवलेल्या आजी यांच्यात एकाएकी संभाषण सुरू होतं. आपण मधे पडायचं नाही.

बोर्डवॉक संपला की समोर रिसॉर्ट्स वर्ल्ड. २०१० मध्ये सुरू झालं. युनिव्हर्सलचा तो फिरता गोल फाटकाच्या बाहेरच आहे, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा फोटो तिथे फुकट मिळतो आणि निम्म्या नातेवाइकांना तेवढंच पुरतं. जवळच कॅसिनो. इथे एक विनोद घडतो. परदेशी पाहुण्याला पासपोर्ट दाखवून आत जायला पैसे पडत नाहीत, पण सिंगापूरचा नागरिक किंवा पी.आर. असेल तर चोवीस तासांचे १५० डॉलर (२०१९ आधी १०० होते). म्हणजे बाबा फुकट आणि पी.आर. झालेला मुलगा दीडशे डॉलरला! आईंनी हे ऐकलं की दोघांनाही जाऊ देत नाहीत, सबब प्रश्न मिटतो. एकवीस वर्षांखालच्यांना तर प्रवेशच नाही.

तिथून किनाऱ्याकडे जायला सेन्सरीस्केप नावाची सुमारे ३५० मीटरची वाट आहे, मार्च २०२४ मध्ये उघडली. सुगंध, स्पर्श, आवाज अशी एकेका इंद्रियाची बाग. ज्यांच्या घरी जुने अल्बम आहेत त्यांनी एक तयारी ठेवा. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आलेले आई-बाबा इथे हटकून मर्लायन शोधतात. ३७ मीटर उंच, पोटातून वर चढून तोंडातून बघता येणारा तो सिंह २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये बंद झाला आणि नंतर पाडला, याच वाटेसाठी. मरीना बेवरचा पाणी ओकणारा मूळ मर्लायन आहे तिथेच आहे, पण फोटो काढलेला हा होता. तो नाही म्हटल्यावर थोडी चुटपुट लागते. अंडरवॉटर वर्ल्डचंही तसंच, १९९१ ते २०१६ चाललं आणि संपलं. आपण 'मुलांना दाखवायचं' म्हणून ठेवलेलं इथे फार दिवस टिकत नाही.

आता मुख्य गोष्ट, सिलोसो किल्ला. बेटाच्या पश्चिम टोकाला. एक्सप्रेसने बीच स्टेशनला उतरा, तिथून बेटावरची फुकट बस. स्कायवॉकला लिफ्ट आहे, व्हीलचेअरही जाते. ११ मजल्यांची उंची, १८१ मीटर लांब पूल, झाडांच्या शेंड्यांवरून चालत थेट किल्ल्यात. पूलही फुकट, किल्लाही फुकट. पुलावरून जहाजांची रांग दिसते, पलीकडे बुकोम बेटावरची तेलाची रिफायनरी. आजोबांना इथून हलवणं कठीण जातं, तेव्हा वेळ राखून ठेवा.

किल्ला म्हटल्यावर आपल्या डोळ्यांसमोर सिंधुदुर्ग येतो. हा तसा नाही, तट-बुरूज शोधू नका. १८७० च्या दशकात ब्रिटिशांनी बंदराच्या तोंडावर टेकडी पोखरून केलेला तोफखाना आहे हा. भुयारं, दारूगोळ्याची कोठारं, मोठमोठ्या तोफा. नातवंडं तोफेवर हात ठेवून उभी राहतात आणि आजोबांचा इतिहासाचा तास सुरू होतो. तेव्हा त्यांना एक गोष्ट आधी सांगून ठेवा. "सिंगापूरच्या तोफा समुद्राकडे तोंड करून होत्या, म्हणून मागून जमिनीवरून आलेल्या जपान्यांपुढे निकामी ठरल्या" हे आपण सगळ्यांनी वाचलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे. बऱ्याच तोफा वळवता येत होत्या आणि जमिनीकडे डागल्याही. अडचण गोळ्यांची होती. बहुतेक गोळे जहाजाचं पोलाद भेदण्याच्या जातीचे, पसरलेल्या पायदळावर त्यांचा परिणाम थोडा.

आतल्या सरेंडर चेंबर्समध्ये मेणाच्या पुतळ्यांतून दोन प्रसंग मांडलेत. १५ फेब्रुवारी १९४२, पर्सिव्हल यामाशिताला शरण. १२ सप्टेंबर १९४५, जपानी शरण. थंडगार हॉल आहे, बाहेर ऊन असेल तर अर्धा तास सहज जातो. पण आपल्या माणसांसाठी खरी गोष्ट त्या दोन तारखांच्या मधे आहे. शरणागतीनंतर दोन दिवसांनी, १७ फेब्रुवारीला, हजारो हिंदी सैनिकांना फॅरर पार्कच्या मैदानावर गोळा करून जपान्यांच्या ताब्यात दिलं गेलं. तिथून आझाद हिंद सेनेची गोष्ट सुरू होते. पुढच्या वर्षी, जुलै १९४३ मध्ये, नेताजी सिंगापूरला आले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये झाशीच्या राणीच्या नावाची बायकांची पलटण इथेच उभी राहिली. फॅरर पार्क स्टेशन म्हणजे जिथे उतरून आपण मुस्तफात डाळ-तांदूळ घेतो तेच. आजोबांना हे सांगितलं की संध्याकाळी त्यांना मुस्तफाला जायचंच असतं, पण आता दुकानासाठी नाही.

आणखी एक गोष्ट मुलांपुढे सांगायची की नाही ते तुम्ही ठरवा. १९४२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये जपान्यांनी इथल्या चिनी पुरुषांची जी कत्तल केली, त्यातले मृतदेह या किनाऱ्याला लागले आणि बेटावरच्या ब्रिटिश युद्धकैद्यांनी ते पुरले. आपण जिथे आइस्क्रीम खातो तिथलीच ही गोष्ट. माझ्या मते दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांना सांगावी.

जेवणाचं: डबा न्या. अहो खरंच न्या. दशम्या, बटाट्याची सुकी भाजी, लसणाची चटणी, दही-पोहे बर्फाच्या पिशवीत. रिसॉर्टमधे खायचं सगळं मिळतं, पण शाकाहारी आजींना 'यात फिश सॉस आहे का' विचारता विचारता आपली भूक मरते. एक सावधगिरी. इथे मोर मोकळे फिरतात, डबा उघडला की अगदी ऐटीत येतात. आजींचा हात आपोआप घास टाकायला पुढे होतो. तो धरा. इथे वन्य प्राण्यांना खाऊ घालणं गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दंड ५,००० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. माकडांच्या बाबतीत तर धरायलाच हवा.

ऊन उतरलं की पालावान किनारा. वाळू बाहेरून आणलेली आणि पाणी बांध घालून शांत केलेलं, त्यामुळे कोकणातले पाहुणे "हा समुद्र की तळं?" म्हणून नाक मुरडतात. पण साडी घोट्याच्या वर धरून पाण्यात उभं राहायला हेच पाणी बरं. समोरचं एक टीचभर बेट आशिया खंडाचं दक्षिण टोक म्हणून मिरवत आलंय. यावर वाद घालायला भरपूर वाव आहे, कारण सेंटोसा स्वतःच बेट आहे आणि खंडाचं सलग जमिनीवरचं खरं दक्षिण टोक पलीकडे जोहोरमधे तांजुंग पियाई इथे आहे. हा वाद बाप-लेकांनी घालावा, तोवर बाकीच्यांनी किल्ला करावा.

हो, वाळूचा किल्ला. दिवाळीत आपल्या पोरांना किल्ल्यासाठी माती कुठे मिळते? कॉन्डोच्या कुंडीतली घेतली तर मॅनेजमेंटचं पत्र येतं. इथे वाळू हवी तेवढी. सिलोसो नुकताच बघितलेला असतो, त्यामुळे आधी तोफा होतात. मग आजोबा म्हणतात, "तोफा राहू देत, आधी महादरवाजा कुठे ते ठरवा, शत्रूला तो समोरून दिसता कामा नये." मग बुरूज, माची, चोरवाट. पाठपिशव्या त्या वेळी सुनेकडे असतात.

पैसे खर्च करायचेच असतील तर माझं मत ओशनेरियमला. जुनं सी अ‍ॅक्वेरियम मोठं करून जुलै २०२५ मध्ये याच नावाने पुन्हा उघडलं. एसी आहे, सपाट आहे आणि मासे आजींनाही तेवढेच दिसतात जेवढे नातवाला. केबल कारही छान, पण चार मोठ्यांचं तिकीट जड जातं. मुलांना युनिव्हर्सल हवंच असेल तर आई-बाबा परत गेल्यावर एखाद्या दिवशी न्या. पार्क कुठे पळून जात नाही.

बाकी किरकोळ: किल्ला संध्याकाळी सहाला बंद होतो, म्हणून तो दुपारी आणि किनारा नंतर. दुपारचा पाऊस आला तर भुयारं कोरडी असतात. एक्सप्रेसला गर्दी असेल तर परत यायला १२३ नंबरची बस बीच स्टेशनवरूनच सुटते, तिच्यात आई-बाबांना बसायला जागा मिळते. आणि व्हिवोसिटीच्या गच्चीवर उथळ पाण्याचं तळं आहे, तिथे मुलांचे वाळूचे पाय धुऊन घ्या, नाहीतर घरच्या बाथरूममधे महिनाभर सेंटोसा निघत राहतं.