रस्ता आहे, गाडी नाही

सरकारदरबारी खेडेगावाची ओळख मुख्यतः आकड्यांनी होते. लोकसंख्या किती आणि बससेवा किती अंतरावर, या दोन्ही गोष्टी जनगणनेच्या जिल्हा पुस्तिकेत प्रत्येक गावाच्या नावापुढे नोंदलेल्या असतात. २०११ च्या पुस्तिकेत बस गावात येत असल्यास तसे, नसल्यास ती ५ किलोमीटरच्या आत, ५ ते १० किलोमीटरवर की त्याहून दूर, एवढे सांगितले आहे. मात्र दिवसातून एकदा येणारी गाडी आणि तासातासाला धावणारी गाडी या रकान्यात सारख्याच ठरतात. ग्रामीण नियोजन अशाच नोंदींवर उभे राहत असल्याने ही उणीव किरकोळ मानता येणार नाही.

या दृष्टीने कोकणाचे उदाहरण बोलके आहे. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या २००१ मध्ये १६ लाख ९६ हजार ७७७ होती. ती २०११ मध्ये १६ लाख १५ हजार ६९ वर आली. सिंधुदुर्गातही घटच झाली. त्याच दशकात राज्याची लोकसंख्या सुमारे १६ टक्क्यांनी वाढली. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या, तर राज्यात हे प्रमाण ९२९ होते. कर्ता पुरुष मुंबईस आणि मागे स्त्रिया, वृद्ध व शाळकरी मुले, ही कोकणातील घरांची जुनी रीत या आकड्यांत उमटली आहे. ज्यांच्याजवळ स्वतःचे वाहन असण्याचा संभव सर्वांत कमी, त्यांचेच प्रमाण गावात अधिक. साहजिकच त्यांची सारी भिस्त एसटीवर.

परंतु एसटीच्या फेरीचे भवितव्य भारमानावर, म्हणजे किती आसने भरली यावर, ठरते. वाड्यावाड्यांत विखुरलेल्या गावात गाडी भरणे कठीण. भारमान घटले की फेरी कमी होते. फेरी कमी झाली की वेळ जुळेना म्हणून उरलेले उतारूही सहाआसनी रिक्षाकडे वळतात आणि भारमान आणखी घटते. मुक्कामाची गाडी बंद झाली की पहाटे तालुक्याच्या दवाखान्यास निघणाऱ्या रुग्णाची सोय जाते. सायंकाळची परतीची गाडी गेली की मुलीचे महाविद्यालय सुटण्यास फार काळ लागत नाही. ज्या कुटुंबास शक्य असते ते मग शहराची वाट धरते आणि पुढच्या जनगणनेत गावाचा आकडा आणखी खाली येतो.

रस्त्यांच्या बाबतीतही निकष लोकसंख्येचाच आहे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने सपाट प्रदेशात ५०० आणि डोंगरी, आदिवासी व वाळवंटी भागांत २५० लोकवस्तीची मर्यादा घातली. या योजनेने देशभर असंख्य वस्त्या बारमाही रस्त्यांनी जोडल्या, हे निर्विवाद. तथापि रस्ता झाला म्हणजे वाहतूक झाली असे नव्हे. गाडी नसलेल्या डांबरी रस्त्याचा लाभ प्रथम वाहनमालकास मिळतो.

शासनाने ऑगस्ट २०२२ मध्ये ७५ वर्षांवरील नागरिकांना एसटी प्रवास विनामूल्य केला, तर मार्च २०२३ मध्ये स्त्रियांना तिकीट निम्म्या दरात दिले. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. पण ही सवलत तिकिटाशी जोडलेली आहे. जिथे फेऱ्या अधिक तिथे तिचा लाभ अधिक आणि जिथे गाडीच येत नाही तिथे तो शून्य. अर्थसाहाय्याचा काही भाग फेरीशीच जोडला पाहिजे. सकाळी तालुक्याला नेणारी आणि सायंकाळी परत आणणारी अशी एक तरी जोडफेरी प्रत्येक गावास हमखास मिळावी व तिची तूट शासनाने उघडपणे सोसावी. प्राथमिक शाळेचा खर्च पटसंख्येतून वसूल होतो काय, असे कोणी विचारीत नाही. या फेरीसही तोच न्याय लागू व्हावा.

नव्या जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा बहुतेक देशाकरिता संदर्भदिन ठरला आहे. त्या निमित्ताने गावाच्या नोंदीत दोन रकाने वाढवावेत : दिवसाच्या फेऱ्या किती आणि परतीची शेवटची गाडी केव्हा. गावात माणसे का टिकत नाहीत, याचे बरेचसे उत्तर या दोन रकान्यांतच सापडेल.