स्किझोफ्रेनिया : वारसा जोखमीचा, आजाराचा नव्हे

वाशीम असो, रिसोड असो वा कारंजा. सोयरीक जुळविताना घराण्याची चौकशी होतेच. मुलाचा भाऊ किंवा मुलीची मावशी 'वेडी' असल्याचे कानावर आले की बोलणी थांबतात. हा आजार रक्तातच असतो, असा समज त्यामागे असतो. परिणामी अनेक कुटुंबे रुग्णाविषयी वाच्यता टाळतात आणि उपचार लांबणीवर पडतात. विज्ञान मात्र वेगळे चित्र मांडते.

स्किझोफ्रेनिया अर्थात छिन्नमनस्कता या आजारात भास, निराधार संशय, विचारांतील विस्कळीतपणा व अलिप्तता ही लक्षणे दिसतात. आयुष्यात कधीतरी हा आजार होण्याची शक्यता सर्वसाधारणपणे सुमारे १ टक्का असते. सख्खे भावंड रुग्ण असल्यास ती सुमारे ९ टक्के होते. म्हणजेच रुग्णांच्या शंभर भावंडांपैकी नव्वदहून अधिक जणांना हा आजार होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला तो झाला, तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याहून कमीच असते.

याचे कारण जनुकांच्या कार्यपद्धतीत आहे. या आजाराचे कोणतेही एकच जनुक नाही. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय संशोधनात सुमारे ७७ हजार रुग्णांच्या जनुकीय माहितीवरून आजाराशी निगडित २८७ स्थाने आढळली. त्यातील प्रत्येक बदल जोखमीत किंचितच भर घालतो आणि असे काही बदल प्रत्येक निरोगी माणसातही असतात. काही दुर्मीळ बदलांचा, उदाहरणार्थ २२व्या गुणसूत्राचा लहानसा तुकडा गळण्याचा, प्रभाव मोठा असतो. परंतु तो बदल असलेल्या बहुतेकांनाही हा आजार होत नाही. जन्मावेळची गुंतागुंत, किशोरवयातील गांजाचे सेवन यांसारखे घटकही जोखीम वाढवितात.

त्यामुळे रक्त तपासून 'या मुलाला आजार होईल' असे भाकीत करणारी चाचणी आज उपलब्ध नाही. शिवाय आजवरचे बहुतांश संशोधन युरोपीय वंशाच्या लोकांवर झालेले असल्याने त्याचे निष्कर्ष भारतीयांना जसेच्या तसे लागू करता येत नाहीत.

सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' (२००४) या चित्रपटात आजारी भावाला सांभाळणारी बहीण मराठी प्रेक्षकांनी पाहिली आहे. अशा बहिणीचे स्थळ नाकारण्यास शास्त्रीय आधार नाही. कुटुंबाचा इतिहास हा डाग नसून सावधगिरीची सूचना आहे. तरुण मुलाची झोप उडाली, तो एकलकोंडा झाला, नसलेले आवाज ऐकू लागला, तर 'बाहेरची बाधा' समजून वेळ दवडू नये. शासनाच्या 'टेली मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर निःशुल्क सल्ला मिळतो. उपचार जितके लवकर सुरू होतील, तितकी रुग्ण सावरण्याची शक्यता अधिक; लपवाछपवीत नेमका हाच काळ वाया जातो.