घरातला समुद्र (भाग ५) : खडक आधी मुरवा, मग वसवा

मागच्या भागात आर.ओ.च्या पाण्यात समुद्री क्षार विरघळवून विशिष्ट गुरुत्व १.०२५ वर आणले. आता खडक. खाऱ्या पाण्याच्या टाकीत खडक शोभेपुरता नसतो, गाळणीचे खरे काम तोच करतो.

गोंदियाहून मुंबई रेल्वेने साडेनऊशे किलोमीटरांहून दूर. समुद्रातला ओला, जिवंत खडक इथवर टिकवून आणणे कठीण, शिवाय प्रवाळ २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. मालवणच्या किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडाही उचलू नका. कृत्रिम कोरडा खडक घ्या, पावतीसह. चंद्रपूरकडचा सिमेंटचा चुनखडी दगडही कॅल्शियम कार्बोनेटच, पण तो घट्ट. आपल्याला सच्छिद्र खडक हवा, कारण जिवाणू छिद्रांत राहतात.

पहिले काम मुरवण्याचे. वापरलेल्या किंवा नैसर्गिक कोरड्या खडकाच्या छिद्रांत मेलेल्या जीवांचे अवशेष आणि फॉस्फेट अडकलेले असते. ते टाकीत उतरले की शेवाळ माजते. खडक ब्रशने घासा, आठवडाभर सोडियम हायपोक्लोराइटच्या पातळ द्रावणात भिजवा, खळखळून धुवा, उन्हात कडकडीत वाळवा. या द्रावणात ॲसिड किंवा नवसागर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. मग वेगळ्या ड्रममध्ये खारे पाणी, फिरता पंप आणि अंधार. दर आठवड्याला पाणी बदला आणि फॉस्फेट तपासा. आकडा सलग खाली राहिला की खडक मुरला. याला कधी तीन आठवडे लागतात, कधी दोन महिने.

दुसरे काम जिवाणू वसवण्याचे, आणि त्यामागचे रसायन आपल्या धानाच्या बांधीत दरवर्षी घडते. बांधीतल्या चिखलाच्या अगदी वरच्या पातळ थरात ऑक्सिजन असतो, खाली नसतो. वर फेकलेल्या युरियाचे अमोनियम वरच्या थरात नायट्रेट होते. ते खाली झिरपले की तिथले जिवाणू त्याचा नायट्रोजन वायू करतात आणि खत हवेत जाते. म्हणून तर युरियाच्या गोळ्या चिखलात खोल गाडतात. शेतकऱ्याचे हे नुकसान टाकीत मात्र हवेच असते. खडकाच्या पृष्ठभागावर माशांच्या मलमूत्रातला विषारी अमोनिया आधी नायट्राइट, मग नायट्रेट होतो आणि आतल्या प्राणवायू नसलेल्या छिद्रांत त्यातला काही भाग वायू होऊन निघून जातो.

ही वस्ती मासे घालून करू नका. बाटलीतले जिवाणू सोडा आणि शुद्ध अमोनियम क्लोराइड द्या: १०० लिटरला सुमारे ०.६ ग्रॅम, म्हणजे लिटरमागे २ मिलिग्रॅम अमोनिया. कल्हईचा बाजारी नवसागर अशुद्ध असतो, तो नको. अमोनिया उतरू लागला की नायट्राइट चढते, ते उतरताना नायट्रेट वाढते. पुन्हा तेवढीच मात्रा द्या. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की टाकी तयार. सहसा चार ते सहा आठवडे जातात.

जिवाणूंना २५ ते २८ अंश मानवते. आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री हीटर लागतो, मे महिन्यात पंखा किंवा चिलर. बाष्पीभवनाने घटलेले पाणी गोडेच भरा, क्षार उडून जात नाहीत. वीज गेली तर आधी पंप इन्व्हर्टरवर घ्या, दिवे नंतर. पाणी थांबले की ऑक्सिजनही संपतो.

मुरवणे आणि वसवणे एकाच वेळी उरकू नका. अवशेष सडत असताना अमोनियाचा आकडा कशाचा, हेच कळत नाही. पुढच्या आठवड्यात पहिला मासा कोणता आणावा ते पाहू. तोवर टाकी रिकामीच ठेवा.