रात्रीची बस धावते, पण कळते कोणाला?

कापडाच्या दुकानाचे शटर अर्धे खाली आले की गिऱ्हाईक समजते, दुकान बंद झाले. वस्तुतः दुकानातल्या माणसाचे दुसरे काम तेव्हा सुरू होते. उलगडलेली थाने पुन्हा गुंडाळायची, कटपीस वेगळे काढायचे, बाहेरगावच्या गाठी शिवायच्या, ट्रान्सपोर्टच्या पावत्या लावायच्या आणि शेवटी गल्ला मिळवायचा. लग्नसराईत यात रात्रीचे अकरा वाजतात. रमजानच्या अखेरच्या दहा दिवसांत मोहम्मद अली रोड, भेंडी बाजार, क्रॉफर्ड मार्केट हा सगळा पट्टा जागा असतो. तेव्हा एक-दीड वाजला तरी गिऱ्हाईक "जरा ते वरचे थान दाखवा" म्हणत उभे असते, आणि त्याला नाही म्हणणारा दुकानदार आम्ही अद्याप पाहिलेला नाही.

गिऱ्हाईक मोटारीने येते, टॅक्सीने जाते. प्रश्न थान खाली काढणाऱ्याचा आहे. तो कुर्ल्याला, धारावीला, मुलुंडकडे राहतो. लोकल गाड्या रात्री साधारण एकनंतर थांबतात त्या पहाटे चारनंतरच सुटतात. २०२५ च्या ऑक्टोबरात भुयारी मेट्रो काळबादेवीपर्यंत आली, बाजाराला मोठा आनंद झाला. परंतु तिची शेवटची गाडी साडेदहाच्या सुमाराची. म्हणजे ती आमच्या गिऱ्हाइकासाठी आली, आमच्या माणसासाठी नव्हे. उरते काय? टॅक्सी, पायी चालणे, किंवा दुकानातच गाठींवर झोपणे. आणि चौथी एक गोष्ट, जिच्यासाठी हा लेख आहे : रात्रीची बस.

अब्बांनी विचारलेला प्रश्न

१९९० च्या सुमाराची गोष्ट. आम्ही नुकतेच अब्बांच्या दुकानावर बसू लागलो होतो. गाठी शिवायला बस्ती जिल्ह्यातले एक चाचा होते. राहायला धारावीत. उर्दू छान वाचत, रोज सकाळी उर्दू अखबार त्यांच्या हातात असे. देवनागरी मात्र त्यांनी कधी शिकली नव्हती. रोज ते ओळखीच्या माणसाबरोबर परतत. एका रात्री माल उशिरा आला, सोबती निघून गेला, आणि आम्ही ऐटीत सांगितले, "चाचा, एक नंबर पकडा, माहीमला सोडेल, तिथून तुमचे घर किती दूर!"

दुसऱ्या दिवशी चाचा दुपारी आले. पाय सुजलेले. मंगलदास मार्केटपासून धारावीपर्यंत ते चालत गेले होते. आम्ही विचारले तर म्हणाले, "बेटा, एक नंबर तो आई ही नहीं. नौ नंबर की दो गाड़ियाँ गईं."

ज्यांनी उर्दू शाळेत पहिली इयत्ता काढली आहे त्यांना हे लगेच उमजेल. देवनागरीतला १ हा आकडा उर्दूतल्या नऊसारखा दिसतो, इंग्रजी नऊशीही त्याचे बरेच साम्य आहे. उर्दूतला एक म्हणजे नुसती उभी रेघ. बसच्या कपाळावर मराठी आकडा, इंग्रजी आकडा बाजूला, तोही रात्रीच्या अंधारात. चाचांनी आपलीच बस दोनदा समोरून जाऊ दिली. चूक बसवाल्यांची नव्हती, चाचांचीही नव्हती. आम्ही उर्दू शाळेत असलो तरी मराठी विषय शिकलो होतो, दोन्ही आकडे आम्हाला येत होते, आणि आम्ही नुसते तोंडाने सांगून मोकळे झालो होतो. अब्बा एवढेच म्हणाले, "गाँठ पर नंबर लिखते हो, आदमी को लिख के नहीं दिया?"

त्याच दिवशी थानाच्या आतला एक पुठ्ठा काढून आम्ही त्यावर बसचे नंबर तीन लिप्यांत लिहिले आणि गल्ल्यामागे टांगला. पुठ्ठे फाटले, बदलले, पण ती जागा आजही रिकामी नाही.

सायनची गाठ, माहीमची गाठ

मुंबईत बस आली ती १५ जुलै १९२६ रोजी, अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट. म्हणजे शहरातली पहिली बस आमच्या बाजाराच्या तोंडाशीच येऊन थांबली. १९४७ च्या ऑगस्टमध्ये महापालिकेने हा कारभार ताब्यात घेतला. एकेकाळी बेस्टच्या ताफ्यात चार हजारांहून अधिक बसगाड्या होत्या. अलीकडच्या वर्षांत हा आकडा पुष्कळ खाली आला आहे आणि कंत्राटी गाड्यांचे प्रमाण वाढले आहे. गाड्या कमी झाल्या की मार्ग तुटतात, जोडले जातात, नंबर बदलतात. वातानुकूलित गाडीच्या नंबराआधी 'ए' लागला. नियमित प्रवासी चार दिवसांत सरावतो, रात्री क्वचित जाणारा मात्र हरवतो.

तरीही २०२२ साली बेस्टने एक चांगले काम केले. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत, तासातासाने, सहा मार्गांवर बस सोडण्याचे ठरवले. कुलाब्याच्या इलेक्ट्रिक हाऊसकडून माहीमकडे १ क्रमांकाची, सायनकडे जाणारी ६६, बॅकबे आगारातून सायनकडे ३०५, सायनहून मुलुंडकडे ३०२, आणि माहीमहून पश्चिम उपनगरांकडे २०२ व ४४०. आज यांतली कोणती कितीला आहे ते निघण्यापूर्वी विचारून घेतलेलेच बरे. आम्ही इथे फक्त आराखडा समजावून सांगतो, कारण आराखड्यातच खरी गोम आहे.

वाचकांच्या ध्यानात आले असेल की सगळे मार्ग सायनला किंवा माहीमला येऊन तुटतात. रिक्षालाही याच वेशीपुढे मुंबई शहरात येण्याची परवानगी नाही. बाजारातून कुर्ल्याला जाणाऱ्याने ६६ ने सायन गाठावे, तिथे उतरावे, ३०२ धरावी. कागदावर हे उत्तम. परंतु दोन्ही गाड्या तासाला एक. समजा ६६ सायनला दोन मिनिटे उशिरा पोहोचली आणि ३०२ वेळेवर सुटली, तर प्रवाशाचे नुकसान दोन मिनिटांचे नाही, अट्ठावन्न मिनिटांचे. दिवसा कोणी अशा जोडाची पर्वा करत नाही, मागून दुसरी गाडी येते. रात्री सगळा प्रवास त्या एका गाठीवर उभा असतो. मागावर धागा तुटला तर कारीगर माग थांबवतो, गाठ मारतो, मग पुढे चालवतो. रात्रीची उपनगरी बस सायनला आणि माहीमला शहरातली बस येईपर्यंत पाच मिनिटे थांबवावी, एवढी साधी ही गोष्ट आहे. यात डिझेल जळत नाही, नवी गाडी लागत नाही.

दुसरी अडचण नावाची. सायनचा जो थांबा, त्याचे नाव पाटीवर 'राणी लक्ष्मीबाई चौक'. क्रॉफर्ड मार्केटचे नाव महात्मा जोतिबा फुले मंडई. ही नावे आदराची आहेत, ती असावीतच. पण बिहारहून महिन्यापूर्वी आलेला मुलगा 'सायन' एवढेच जाणतो. बसच्या पाटीवर राणी लक्ष्मीबाई चौक उमटले की ही आपली नव्हे म्हणून तो मागे सरतो. आमच्या चाचांचा एक आणि नऊ, तोच हा प्रकार.

माहिती मोबाइलवर आहे, असे आम्हाला सांगितले जाते. खरे आहे. २०२१ नंतर बस कुठवर आली हे मोबाइलवर दिसण्याची सोय झाली, आमची मुले ती वापरतात, आम्हीही वापरली. चालते तेव्हा फार चांगली चालते. परंतु दिवसभर खपून रात्री दीड वाजता थांब्यावर आलेल्या माणसाच्या फोनची बॅटरी किती उरलेली असते? शिवाय मोबाइल बस 'कुठे आहे' ते सांगतो. बस 'आहे की नाही' हे ज्याला ठाऊकच नाही तो मोबाइल उघडणार कशाला? तो सरळ टॅक्सीला हात करतो.

टॅक्सीचा हिशेब व्यापाऱ्यांनी एकदा मांडून पाहावा. १ फेब्रुवारी २०२५ पासून टॅक्सीचे किमान भाडे ३१ रुपये झाले, आणि मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत त्यावर चौथाई जादा. बाजारातून कुर्ला चौदा किलोमीटर धरले तर साडेतीनशेच्या घरात रक्कम जाते. बेस्टचे भाडेही मे २०२५ मध्ये वाढले, साध्या बसचे किमान ५ चे १० रुपये आणि वातानुकूलित बसचे ६ चे १२ झाले. तरी दोन बसगाड्या बदलूनही कुर्ल्याचा प्रवास पन्नासाच्या आत बसतो. फरक तीनशेचा. हा फरक कोण भरतो? काही शेठ भरतात, त्यांना अल्लाह बरकत देवो. बहुतेक ठिकाणी तो माणसाच्या मजुरीतून जातो, आणि मग ईदच्या आधी तो "सेठ, थोडा अॅडव्हान्स" म्हणतो तेव्हा आपण कपाळाला आठ्या घालतो.

कामावर बायका-मुली असतील तर हा प्रश्न मर्जीचा राहत नाही. २०१७ चा दुकाने व आस्थापनांचा कायदा सांगतो की रात्री साडेनऊनंतर त्यांना कामावर ठेवायचे तर त्यांची संमती हवी आणि घरापर्यंत पोहोचवण्याची व्यवस्था मालकाने करावी. तिथे बसकडे बोट दाखवून चालणार नाही. आमच्या बाजारात हे ठाऊक नसलेले दुकानदार पुष्कळ आहेत.

पाच आकडे

आम्ही २०१४ साली भाच्याकडे लंडनला गेलो होतो. तिथे रात्री एका थांब्यावर उभे राहून जे वाचले ते धंद्याच्या नजरेने फार आवडले. केवळ रात्री धावणाऱ्या बसच्या नंबराआधी 'एन' हे अक्षर असते. जी दिवसरात्र तोच मार्ग चालते तिचा नंबर बदलत नाही. खांबावर छापील वेळापत्रक लावलेले. आणि रात्रीच्या पुष्कळ बसगाड्या दिवसाच्या मार्गाच्या पुढेही जातात, कारण भुयारी रेल्वे बंद झालेली असते. रेल्वेचा माणूस रात्री बसला सोपवायचा, हा विचार त्यामागे आहे. तिथले सगळेच चांगले असे आम्ही म्हणत नाही. तिकिटाचे रुपये करून पाहिले तेव्हा आम्ही दोन थांबे पायी चाललो.

वेळापत्रक लावण्याला आपल्याकडे उत्तर असते की वाहतुकीमुळे वेळ पाळता येत नाही. दिवसा मान्य. रात्री अडीच वाजता भायखळ्याला कसली वाहतूक? आणि तासाला एकच गाडी असेल तर लिहायचे ते किती? एका मार्गाचे पाच आकडे. पत्र्याच्या एका पट्टीवर मावतात. पूर्वी मर्यादित थांब्यांच्या बसचा नंबर लाल असे, आणि निरक्षर माणूसही रंगावरून ती ओळखत असे. तसाच एखादा रंग रात्रीच्या बसला द्यावा. गणेशोत्सवात बेस्ट रात्रीच्या जादा बसगाड्या सोडते, मार्ग आणि वेळा वर्तमानपत्रांत येतात, घराघरांत ठाऊक होतात. रमजानातल्या बाजारासाठी आणि पुढे वर्षभराच्या रात्रीपाळीसाठी ते जमू नये असे काही नाही. मागणी मात्र लेखी जावी लागते. आपल्या बाजारांच्या संघटना जकात, व्हॅट, जीएसटी यांवर निवेदने देत आल्या. नोकरमाणसाच्या बससाठी दिलेले निवेदन आम्हाला आठवत नाही, आणि यात आम्हीही आलो.

तोवर आम्ही आमच्यापुरते करतो ते असे. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दुकानातला एक मुलगा रात्री थांब्यावर जाऊन वाहकाला विचारतो : ही गाडी आता कितीला, पुढची कितीला, सायनला जोड मिळतो का. वाहक मंडळी मनापासून सांगतात, कारण त्यांनाही रिकामी गाडी हाकायला आवडत नाही. मग पुठ्ठ्यावर दुरुस्ती होते. आकडे मराठी, इंग्रजी आणि उर्दू. थांब्याचे पाटीवरचे नाव आणि शेजारी लोकांच्या तोंडचे नाव. शेजारच्या चार दुकानांनी त्याची नक्कल मागून नेली, एकाने ती चहावाल्याच्या टपरीवर लावली. खरे तर सगळ्यांत जास्त ती तिथेच वाचली जाते.

गेल्या खेपेला पुठ्ठ्यावरची एक ओळ खोडावी लागली आणि एका गाडीची वेळ वीस मिनिटांनी पुढे सरकवावी लागली. हे लिहायला चाचांचा नातू बसला होता. तो आता आमच्याकडे हिशेब पाहतो, मराठी आमच्यापेक्षा बरी लिहितो. एकचा आकडा काढताना त्याने शेजारी उर्दूतली उभी रेघ जरा मोठीच ओढली.