घर विकण्यापूर्वीं

घर विकण्याचा प्रसंग कोणत्याही कुटुंबास सहजासहजीं सोसवत नाहीं. मुलें नोकरीनिमित्त परगांवीं किंवा परदेशीं स्थायिक झालेलीं, वृद्धांस जिना चढवत नाहीं, आणि तीन पिढ्यांचा संसार मात्र माळ्यापासून मोरीपर्यंत भरून राहिलेला, अशी स्थिति आज पुण्यामुंबईंतील अनेक घरांत दिसते. अशा वेळीं घर पाहावयास येणाऱ्यांपुढें तें कोणत्या रूपांत ठेवावें, याचा विचार फारच थोडीं कुटुंबें करतात. म्हणून त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विकणारा आपल्या घराकडे आठवणींच्या डोळ्यांनीं पाहतो. घेणारा पाहतो तो जागा, उजेड आणि वारा. दिवाणखान्यांतील शिसवी कपाट आजोबांनीं हौसेनें करून घेतलें, हें आपणांस ठाऊक असतें. पाहुण्यास एवढेंच दिसतें कीं, त्या कपाटानें अर्धी खिडकी अडविली आहे. अमेरिकेंत घर असें मांडून दाखविण्याच्या कामास 'स्टेजिंग' म्हणतात, व तें करणारे धंदेवाईक लोक भाड्याचें सामान आणून रिकामें घर सजवून देतात. आपल्याकडील घरांस बहुधा उलट उपाय हवा असतो. येथें आणावयाचें थोडें आणि काढावयाचें फार!

आमच्या मतें आरंभ कागदांपासून करावा. रद्दीवाल्यास हांक मारण्यापूर्वीं खरेदीखत, सोसायटीचा भाग-दाखला, घरपट्टीच्या पावत्या, मृत्युपत्रें हीं सर्व निराळीं काढावीं. मोडी लिपींतील जुनें दफ्तर निघालें, तर वाचतां येत नाहीं म्हणून तें टाकूं नये. इतिहासाचार्य राजवाडे व सरदार मेहेंदळे यांनीं १९१० सालीं पुण्यांत स्थापन केलेल्या भारत इतिहास संशोधक मंडळाचा संग्रह अशाच घरोघरच्या दफ्तरांनीं वाढला आहे. जाणकारास एकदां दाखवूनच काय तें ठरवावें.

मग वस्तूंचे चार ढीग करावे: नव्या घरीं न्यावयाच्या, भावंडांत वाटावयाच्या, गरजूंस द्यावयाच्या आणि मोडींत घालावयाच्या. बंब, घंगाळ, कल्हई उडालेलीं पातेलीं हीं तांब्यापितळेचीं असल्यानें मोडींतही त्यांची किंमत येते. वजन मात्र आपल्या देखत करून घ्यावें. जुने दिवे, अडकित्ते, वज्र्या मोडींत घालण्यापूर्वीं पुण्याचें राजा दिनकर केळकर संग्रहालय एकवार पाहून यावें. रोजच्या वापरांतील क्षुल्लक वस्तूंत किती कारागिरी असते, तें तेथें कळतें.

यांत खरा नाजूक प्रश्न माणसांचा असतो. आजींची ट्रंक त्यांच्या गैरहजेरींत उघडूं नये. तींतील विरलेलें लुगडें आपणांस अडगळ वाटेल. त्यांच्या दृष्टीनें तें आयुष्याचें एक पान असतें. सासरीं गेलेल्या मुलींनाही या कामास बोलवावें. ही केवळ मायेची गोष्ट नव्हे. हिंदु वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनें एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क मिळाला आहे. हक्कदारांची संमति घेण्यापूर्वीं घर सजविणें म्हणजे सोयरीक ठरण्याआधीं मांडव घालणें होय.

घर मोकळें झालें कीं किरकोळ दुरुस्ती हातीं घ्यावी. गळका नळ, करकरणारें दार, फुटलेलें तावदान यांवर होणारा खर्च थोडा. पण त्यांकडे दुर्लक्ष झालेलें दिसलें कीं पाहुण्यास साऱ्या घराचाच संशय येतो. भिंतींस फिकट रंग द्यावा. स्वयंपाकाचा ओटा जवळजवळ रिकामा असावा. कपाटें उघडून पाहिलीं जातात, म्हणून त्यांतही कांहीं जागा मोकळी ठेवावी. देवघर झांकण्याचें कारण नाहीं. मात्र देवांमागची तेलकट भिंत व जुनीं कॅलेंडरें यांची गय करूं नये. भेट दिवसाउजेडीं ठरवावी, आणि पाहुण्यांबरोबर घरांतील एकानेंच फिरावें. साऱ्या कुटुंबाची मिरवणूक मागें असली, तर पाहुण्यास मोकळेपणानें एक प्रश्नही विचारतां येत नाहीं.

परंतु मांडणी निराळी आणि लपवालपवी निराळी. ओल आलेल्या भिंतीपुढें कपाट सरकविणें, किंवा तडा रंगाखालीं दडविणें, हा शहाणपणा नव्हे. मालमत्ता हस्तांतरणाच्या १८८२ च्या कायद्यांतील ५५ व्या कलमाप्रमाणें, मिळकतींतील वा तिच्यावरील हक्कांतील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्यास ठाऊक आहे व घेणाऱ्यास साधारण काळजी घेऊनही कळण्यासारखा नाहीं, तो विकणाऱ्यानें सांगितला पाहिजे. कायदा नसता तरी पहिल्या पावसाळ्यांत भिंत आपण होऊन बोललीच असती! दोष आधीं सांगितल्यानें किंमत थोडी उतरेल. पण सौदा टिकेल, आणि ज्या घरांत आपलीं मंगल कार्यें झालीं, तेथें मागाहून आपल्या नांवानें कोणी बोटें मोडणार नाहीं.