हळद, हरिद्रा आणि कर्क्युमा लाँगा : दोन घटकसूच्यांचा भाषिक विचार

वस्तूंच्या वेष्टनावर छापलेली घटकसूची सहसा भाषाभ्यासाचा विषय मानली जात नाही. व्याकरणकाराला तीत क्रियापद आढळत नाही, समीक्षकाला शैली आढळत नाही, आणि रसायनशास्त्रज्ञाचे लक्ष शब्दांकडे नसून द्रव्यांकडे असते. तथापि सामान्य वाचक दोन वस्तूंची तुलना करतो ती द्रव्ये तपासून नव्हे. त्यांची नावे वाचून करतो. त्याच्यापुरती घटकसूची ही एक भाषिक रचनाच होय, आणि तिचा अर्थ लावण्यात चूक झाली तर त्या चुकीचा परिणाम त्याच्या त्वचेवर होतो. म्हणून या रचनेचा विचार भाषाशास्त्राच्या दृष्टीने करणे अप्रस्तुत ठरणार नाही.

विवेचनाच्या सोयीसाठी वाशिम जिल्ह्यातील बाजारपेठांत सहज मिळणाऱ्या दोन प्रकारच्या वस्तू येथे घेतल्या आहेत. दोन्ही तोंडाला लावावयाची क्रीमे. दोहोंच्या वेष्टनावर हळद आणि चंदन यांचा ठळक उल्लेख. भेद एवढाच की, पहिले क्रीम आयुर्वेदिक औषधाच्या परवान्याखाली तयार होते आणि दुसरे सौंदर्यप्रसाधनाच्या परवान्याखाली. पहिल्या प्रकारचे सर्वपरिचित उदाहरण म्हणजे विको टर्मेरिक. केशव विष्णु पेंढरकर यांनी १९५२ मध्ये स्थापन केलेल्या मुंबईच्या विको लॅबोरेटरीजने हे क्रीम १९७५ मध्ये बाजारात आणले. दुसऱ्या प्रकारची क्रीमे अनेक आहेत. त्यांपैकी विशिष्ट एकाचा विचार येथे अभिप्रेत नसून त्या वर्गाच्या सूचीचे स्वरूप अभिप्रेत आहे.

१. क्रम आणि परिमाण

दोन्ही सूच्यांवर एकाच कायद्याचे, म्हणजे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याचे नियंत्रण आहे. मूळचा हा कायदा केवळ औषधांचा होता. सौंदर्यप्रसाधनांचा समावेश त्यात १९६२ च्या दुरुस्तीने झाला आणि आयुर्वेदिक औषधांसाठीचे स्वतंत्र प्रकरण १९६४ च्या दुरुस्तीने आले. कायदा एक असला तरी सूची लिहिण्याचे नियम निरनिराळे आहेत, आणि या दोन नियमांत भाषेच्या अभ्यासकाला परिचित असा एक भेद दिसून येतो.

आयुर्वेदिक औषधाच्या वेष्टनावर घटकांची नावे आणि त्यांपैकी प्रत्येकाचे परिमाण द्यावे लागते. वनस्पतिज द्रव्यांची शास्त्रीय नावेही द्यावी लागतात. प्रत्येक शंभर ग्रॅममध्ये अमुक द्रव्य इतके, तमुक इतके, असा हा क्रम चालतो. येथे पदांचा क्रम बदलला तरी अर्थ बदलत नाही, कारण प्रत्येक नामासोबत त्याचे परिमाण प्रत्ययाप्रमाणे जोडलेले आहे. मराठीत 'रामाने आंबा खाल्ला' आणि 'आंबा रामाने खाल्ला' या दोन वाक्यांत कर्ता ओळखण्यास अडचण पडत नाही, तसाच हा प्रकार होय.

सौंदर्यप्रसाधनांची सूची याउलट इंग्रजी वाक्याप्रमाणे स्थानावर अवलंबून असते. २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांनुसार एक टक्क्याहून अधिक असलेली द्रव्ये उतरत्या क्रमाने लिहावयाची आणि एक टक्का किंवा त्याहून कमी असलेली द्रव्ये त्यानंतर कोणत्याही क्रमाने लिहावयाची असतात. परिमाणाचा आकडा देण्याचे बंधन नसते. स्थान हेच परिमाणाचे चिन्ह होय. परंतु हे चिन्ह सूचीच्या पूर्वार्धापुरतेच अर्थपूर्ण असते. एक टक्क्याची सीमारेषा कोठे आहे हे सूचीत दाखविलेले नसते, आणि त्या रेषेपलीकडे क्रमाला काहीच अर्थ उरत नाही. तेथे हळद चंदनाच्या आधी आली म्हणून ती चंदनाहून अधिक आहे, असे म्हणता येणार नाही.

ही अदृश्य सीमा ओळखण्याचा एक मार्ग मात्र आहे. फिनॉक्सिइथेनॉल हे संरक्षक द्रव्य अनेक क्रीमांत असते, आणि त्याचा वापर एक टक्क्यापर्यंतच मर्यादित ठेवावा लागतो. अर्थात सूचीत या नावानंतर येणारे प्रत्येक द्रव्य एक टक्का किंवा त्याहून कमीच असले पाहिजे. वेष्टनाच्या दर्शनी भागावर हळदीचे मोठे चित्र आणि सूचीत हळदीचे नाव या संरक्षकाच्या पाठीमागे, अशी स्थिती असेल तर चित्र आणि सूची यांतील अंतर वाचकाच्या तत्काळ लक्षात येईल.

पहिल्या सूचीत परिमाण असल्यामुळे ती अधिक स्पष्टवक्ती आहे असे वाटेल. पण तिचेही एक मौन आहे. औषधिद्रव्यांची परिमाणे दिल्यावर उरलेला सर्व भाग पुष्कळदा 'क्रीम बेस, क्यू. एस.' एवढ्या शब्दांत आटोपला जातो. क्यू. एस. हा लॅटिन पदांचा संक्षेप असून त्याचा अर्थ 'पुरेसे होईल तितके' असा आहे. वस्तुतः क्रीमचा सर्वांत मोठा भाग तोच असतो. पाणी, स्टिअरिक आम्ल, त्या आम्लाचा काही अंश साबणात रूपांतरित करणारा अल्कली आणि ग्लिसरीन यांच्या मिश्रणातून चेहऱ्यावर विरून जाणारे क्रीम तयार होते, ही कृती आता शतकाहून अधिक जुनी आहे. दुसरी सूची ही द्रव्ये एकेक करून सांगते, पण किती ते सांगत नाही. पहिली सूची हळद किती ते सांगते, पण ती कशात मिसळली ते एका पदात गुंडाळते. दोन्ही सूच्या खऱ्या आहेत. दोन्ही अपुऱ्या आहेत. आणि त्यांचे अपुरेपण एकाच जागी नाही.

२. नामांचे तीन स्तर

आता नामांकडे वळू. वाशिमच्या बाजारात ज्या कंदाला वऱ्हाडी बोलीत 'हयद' म्हणतात, त्याला प्रमाण मराठीत हळद, आयुर्वेदिक वेष्टनावर हरिद्रा आणि सौंदर्यप्रसाधनाच्या वेष्टनावर कर्क्युमा लाँगा असे म्हटलेले असते. पहिली तीन नावे एकाच शब्दाची रूपे होत. संस्कृत 'हरिद्रा' यातील 'र'चा प्राकृतात 'ल' झाला. हा बदल ज्या शब्दांत होतो त्यांचा गण हेमचंद्राने आपल्या प्राकृत व्याकरणात हरिद्रेच्याच नावाने सांगितला आहे. पुढे मराठीत दोन स्वरांमधील 'ल'चा 'ळ' झाला, आणि वऱ्हाडीत 'काळा'चा 'काया', 'डोळा'चा 'डोया' होतो त्याच नियमाने 'हळद'ची 'हयद' झाली. चौथे नाव लॅटिन वळणाचे असले तरी त्यातील 'कर्क्युमा' हे पद अरबी 'कुर्कुम' या शब्दावरून आले आहे.

एका मजकुरात दोन भाषांनी कामे वाटून घ्यावीत, ही गोष्ट या भूमीला नवी नाही. वाशिम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथे १९३९ मध्ये सापडलेल्या द्वितीय विंध्यशक्तीच्या ताम्रपटात राजवंशाचे वर्णन संस्कृतात आणि दानाचा व्यवहारोपयोगी तपशील प्राकृतात आहे. प्रतिष्ठा एका भाषेकडे आणि व्यवहार दुसरीकडे, अशीच विभागणी आजच्या वेष्टनावर दिसते. घटकांची नावे संस्कृतात किंवा लॅटिनमध्ये असतात. 'फक्त बाह्य उपयोगासाठी' ही सूचना मात्र वाचकाला समजेल अशा भाषेत द्यावी अशी अपेक्षा असते.

व्युत्पत्तीची ही साखळी मनोरंजक असली तरी खरी अडचण सामासिक नामांत आहे. दिवाळीच्या सुमारास काष्ठौषधींच्या दुकानांतून उटण्याचे साहित्य घेतले जाते. त्यात वाळा, नागरमोथा, कचोरा यांबरोबर आंबेहळद असते. आंबेहळद ही हळदीच्याच कुळातील, पण निराळी वनस्पती. तिचा वास कच्च्या आंब्यासारखा असतो. दारुहळद तर हळदच नव्हे. ते एक काटेरी झुडूप असून त्याच्या लाकडाचा पिवळेपणा बर्बेरीन नावाच्या द्रव्याचा आहे. हळदीतील कर्क्युमिनशी त्याचा संबंध नाही. 'हळदीसारखे पिवळे लाकूड' एवढाच या समासाचा आशय. चंदनाचीही हीच कथा. सुगंधी चंदन एका कुळातील आणि रक्तचंदन शेंगा येणाऱ्या वनस्पतींच्या कुळातील. दुसऱ्याला पहिल्याचा सुगंध नाही. व्याकरणात समासाचे मुख्य पद अर्थाची जाती सांगते. वनस्पतींच्या नामांत ते पुष्कळदा केवळ रंगाचे किंवा उपयोगाचे साम्य सांगते. दोन सूच्यांत 'हळद' आणि 'दारुहळद' वाचून दोन्ही वस्तू हळदीच्याच आहेत असे मानणे, हा समास चुकीच्या पद्धतीने सोडविण्याचा प्रकार होय. या ठिकाणी शास्त्रीय नाव, मग ते कानाला कितीही परके वाटो, अधिक विश्वासार्ह ठरते.

'अर्क' हा शब्दही असाच फसवा आहे. वैद्यकाच्या जुन्या परिभाषेत अर्क म्हणजे ऊर्ध्वपातनाने मिळविलेला द्रव. हळदीचे असे ऊर्ध्वपातन केले तर तिचे सुगंधी तेल वाफेबरोबर वर येते. पिवळे कर्क्युमिन मात्र भांड्यातच राहते. आज वेष्टनावर 'हळदीचा अर्क' असे शब्द असतात तेव्हा तेथे बहुधा द्रावकाने काढलेला सारभाग अभिप्रेत असतो. तो द्रावक कोणता आणि सारभाग किती दाट, हे त्या शब्दातून कळत नाही. म्हणून एका सूचीतील 'अर्क, अमुक टक्के' आणि दुसरीतील 'चूर्ण, अमुक टक्के' यांची आकड्यांवरून तुलना करणे निरर्थक होय.

३. औषध की प्रसाधन

येथपर्यंतचा विचार सूचीच्या अंतर्गत रचनेचा झाला. परंतु एखादी वस्तू या दोहोंपैकी कोणत्या सूचीची अधिकारी, हे कोणी ठरवावयाचे? विको लॅबोरेटरीज आणि उत्पादनशुल्क खाते यांच्यात १९७८ पासून चाललेला वाद याच प्रश्नाचा होता. आपली उत्पादने आयुर्वेदिक औषधे आहेत असे कंपनीचे म्हणणे, आणि ती प्रसाधने आहेत असे खात्याचे. दोहोंवरील कराचे दर वेगळे असल्यामुळे या शब्दभेदाला पैशाचे मोल होते. कंपनीने तर आपले क्रीम 'कॉस्मेटिक' नव्हे, हे जाहिरातीच्या गीतातूनच घरोघर पोचविले. त्या जाहिरातीच्या दृश्यात मात्र हळद लागणारी वधू होती.

नागपूरच्या केंद्रीय उत्पादनशुल्क आयुक्तांनी चालविलेल्या अपिलाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००४ मध्ये कंपनीच्या बाजूने दिला. अशा प्रकरणांत न्यायालयांनी दोन कसोट्या लावल्या आहेत. पहिली, घटकद्रव्ये आयुर्वेदाच्या प्रमाणग्रंथांत सांगितलेली आहेत काय. दुसरी, सामान्य व्यवहारात लोक त्या वस्तूला औषध समजतात काय. दुसरी कसोटी सरळसरळ शब्दार्थविचाराची आहे. तिचे उत्तर प्रत्येक वेळी सारखे आलेले नाही. बैद्यनाथच्या लाल दंतमंजनाच्या प्रकरणात, तेही नागपूरच्याच अधिकारक्षेत्रातील, न्यायालयाने सामान्य व्यवहारात ते औषध नव्हे असा निष्कर्ष काढला आणि २००९ मध्ये तो कायम ठेवला.

प्रमाणग्रंथांची साक्ष काढली तर ती या विभागणीला अनुकूल नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. चरकसंहितेत हरिद्रेची गणना कुष्ठघ्न द्रव्यांत आहे आणि चंदनाची गणना वर्ण्य, म्हणजे कांती वाढविणाऱ्या द्रव्यांत. दोन्ही गण एकाच प्रकरणात, शेजारधर्माने नांदतात. निघंटूंतील हळदीचे पर्यायशब्द अधिक बोलके आहेत. 'कृमिघ्ना' हे नाव रोगनिवारण सांगते, 'वरवर्णिनी' हे नाव रूपवर्धन सांगते, 'योषित्प्रिया' हे स्त्रियांची आवड सांगते, आणि 'हट्टविलासिनी' हे नाव तर तिला बाजाराची शोभा ठरविते. निघंटुकाराने एकाच वस्तूला ही नावे दिली, कारण त्याला त्यांतून एकाची निवड करावयाची नव्हती. करविषयक कायद्याला निवड करणे भाग आहे. आजच्या वस्तू व सेवा कराच्या वर्गीकरणातही औषधे तिसाव्या प्रकरणात आणि प्रसाधने तेहेतिसाव्या प्रकरणात आहेत. तेव्हा 'औषध' आणि 'प्रसाधन' हा भेद द्रव्यांच्या अंगचा नसून त्यांच्यावर बाहेरून घातलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

मग 'सामान्य व्यवहार' म्हणजे कोणाचा व्यवहार? मानोऱ्याच्या तांड्यात गोरमाटी बोलणारी स्त्री, रिसोडकडे हळद पिकविणारा शेतकरी आणि नागपूरचा व्यापारी यांच्या बोलण्यात 'औषध' या शब्दाची व्याप्ती सारखीच असेल असे गृहीत धरता येत नाही. 'तोंडाला काय लावता', 'ते कशासाठी लावता', 'ते मेडिकलमधून आणता की किराणा दुकानातून' अशा साध्या प्रश्नांनी शब्दप्रयोगांची पद्धतशीर नोंद करणे हे आपल्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या आवाक्यातील काम आहे. न्यायालये ज्या कसोटीवर निर्णय देतात, तिला लागणारी सामग्री भाषाशास्त्राच्या विभागांनी जमा करावी, हे उचितच होय.

४. उपसंहार

या विषयाची निकड केवळ शास्त्रीय नाही. हळद आणि चंदनतेल या दोहोंमुळेही काही व्यक्तींच्या त्वचेला स्पर्शजन्य दाह होतो, हे त्वचारोगशास्त्रात नोंदलेले आहे; सुगंधी व संरक्षक द्रव्यांमुळे तर तो अधिक वेळा होतो. एका क्रीमने दाह झालेली व्यक्ती दुसरे क्रीम निवडते तेव्हा तिला एकाच द्रव्याची दोन निरनिराळी नावे ओळखता आली पाहिजेत, आणि एकाच नावाखालची दोन निरनिराळी द्रव्येही. 'नैसर्गिक' किंवा 'आयुर्वेदिक' हे विशेषण तिला या कामी उपयोगी पडत नाही.

तात्पर्य, दोन घटकसूच्यांची तुलना ही द्रव्यांची तुलना होण्यापूर्वी दोन भाषांची तुलना असते. प्रथम सूची स्थानावर चालते की परिमाणावर, हे पाहावे. नंतर प्रत्येक नामाचे शास्त्रीय नाव मिळवून समान नामे व समान द्रव्ये वेगळी करावीत. मग कोणत्या सूचीने काय सांगितले नाही, याची नोंद घ्यावी. एवढे केल्यावरच अमुक क्रीम तमुक क्रीमहून चांगले की वाईट, या प्रश्नाला हात घालावा. पुष्कळ प्रसंगी असे आढळून येईल की, त्या प्रश्नाचे उत्तर देण्यापुरती माहिती दोन्ही वेष्टनांवर मिळूनही नसते. आणि हे कळणे हाही वाचनाचा एक लाभच होय.